साव्या

लालासाहेब काका इटलीच्या लढाईवरून सेहेचाळीस साली कुंडलला परतले, त्याच पावसाळ्यात म्हैस व्याली. रेडी झाली. काकांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. म्हणाले, "हिचं नाव साव्या."

चार वर्षं ऊस आणि सासू एकटीनं सांभाळलेल्या शालूकाकीनं विचारलं, "हे कसलं नाव?"

"तिकडचं. म्हंजे शानी."

"कुणी शिकवलं?"

"आमचा तळ हुता तिथल्या एका बाईनं."

"म्हातारी हुती?"

"न्हाई. तुझ्याएवढीच."

त्या दिवसापासून काकीनं ते नाव तोंडातून काढलं नाही. काका गोठ्यात "साव्या, साव्या" करत वैरण टाकू लागले की तिची भाकरी तव्यावर करपायची. शेजारच्या हरणाबाईनं तेल ओतलं, "बाईचंच नाव असंल ते. अर्थबिर्थ आपल्याला सांगायला."

भाऊबीजेला काकीचा भाऊ अर्जुना आटपाडीहून आला. जाताना तिनं रेडीचं दावं त्याच्या हातात दिलं. "मोठी झाली की पोरास्नी दूध हुईल."

काकांनी रिकामा खुंटा पाहिला आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. काकी आणखी पेटली. म्हशीच्या लेकरासाठी उपाशी राहणारा माणूस त्या बाईसाठी किती झुरत असेल?

दोघांतला अबोला गुऱ्हाळ लागेपर्यंत टिकला. काहिलीत रस कढत होता. बिराप्पा गुळव्यानं रीतीप्रमाणे काकीपुढं पळी धरली. तिनं निवालेला थेंब जिभेला लावला. "थांबा. आजून कच्चं हाय."

चुलवाणात चिपाडं सारणारे काका हसले. "हेच सांगितलं हुतं मी तिला."

"कुणाला?"

"त्याच बाईला. तिकडं द्राक्षाचा रस तांब्याच्या काहिलीत आटवून काकवी करत्यात. ती चव घेत हुती. मी म्हणलं, माझी बायको बी आशीच जिभंवर सांगती. तवा ती म्हणाली, मग तुझी बायको साव्या."

"चवीचा आन् शानपणाचा काय संबंध?"

"तिचा बाप मास्तर हुता, त्यानं फोड करून सांगितलं. त्यांच्यात सापेरे म्हंजे जाणणं, आन् चव असणं बी. एकच शब्द. साव्या त्यातनंच आलेला. लय जुन्या काळी तो चवीचाच हुता. ज्याला चव कळती तो शाना. मागनं ते शानपण जिभंवरनं डोक्यात गेलं."

काकी काहिलीवरच्या वाफेकडं बघत राहिली. "म्हंजे ते नाव माझं हुतं."

"व्हय."

बिराप्पानं फेस काढून टाकला. काकी पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "माझं एवढं सांगायला रोज बसत हुता व्हय तिच्यापाशी?"

काकांनी चिपाडांचा भारा ओढला. "बसत हुतो. घरची आठवण यायची."

संक्रांतीनंतर काकी रेडी आणायला आटपाडीला गेली. अर्जुनाची पोरं रेडीला चिमणी म्हणत. काकीनं दारात उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा, "साव्या" अशी हाक मारली. रेडीनं कानही हलवला नाही. काकी रिकाम्या हातानं परत आली.

पुढं पोरं काकांना इटलीची भाषा विचारायची. काका आधी काकीकडं बघायचे, मग म्हणायचे, "इसरलो गड्या सगळं." काकीला ते खरं वाटत नसे. तो मास्तर सांगत असताना त्याची लेक कुठं बसली होती, हे तिनं म्हातारपणीही दोनदा विचारलं.