‘सेट बंद होता’, एवढंच दाखवलं

तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि पवनीला घरी आलो. भंडाऱ्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी काम दिलं. टीव्हीवरचे माहितीपट पाहायचे आणि त्यांच्यावर लिहायचं. इतिहास, शस्त्रं, कला, जे लागेल ते.

मी संशयानंच पाहतो. फौजेत रिपोर्ट आला की पहिला प्रश्न असतो, स्वतः पाहिलं की ऐकलं? बौद्ध स्तूपांवरच्या एका कार्यक्रमात नाव पवनीचं घेतलं आणि विटा भलत्याच ठिकाणच्या दाखवल्या. पवनीच्या स्तूपाच्या टेकाडावर मी लहानपणी गुरं चारली आहेत. तोफांवरच्या कार्यक्रमात फायर हॉवित्झर तोफेनं केला आणि पडद्यावर फुटला तो लहान मॉर्टरचा गोळा. लेण्यांतल्या चित्रांवरचा एक मात्र प्रामाणिक होता. जिथं रंग उडाला होता तिथं निवेदक सरळ म्हणाला, इथं काय होतं ते आम्हाला माहीत नाही. त्याची मी तारीफ लिहिली.

मग सीमेवरच्या लढायांची एक मालिका लागली. एका भागात आम्ही लढलो ती टेकडी आली.

त्या लढाईत मी खाली कमांड पोस्टमध्ये रेडिओवर होतो. बॅटरीच्या, म्हणजे आमच्या तुकडीच्या तोफा माझ्या मागे. वर टेकडीवर ओपी, म्हणजे गोळा कुठं पडला ते पाहून आम्हाला कळवायची जागा. तिथं कॅप्टन राणे आणि त्यांचा रेडिओ ऑपरेटर नायक देवीदास मेश्राम. देवीदास चिखल्याचा. वडील मँगनीजच्या खाणीत कामाला. आम्ही दोघंच भंडारा जिल्ह्याचे, म्हणून रेडिओच्या टेस्टिंगच्या वेळी तो हळूच विचारायचा, ‘जेवलास का बे?’

पहाटे शत्रूनं चाल केली. टेकडीच्या पुढच्या उतारावर आपल्या पायदळाची कंपनी होती. ओपीजवळ गोळा पडला आणि तिथला रेडिओ सेट बंद झाला. मी बोलावत राहिलो. उत्तर नाही. तोफा तयार होत्या, पण फायर कुठं द्यायचा हे सांगणारं कोणी नव्हतं. अंदाजानं दिला असता तर आपलीच माणसं गेली असती.

मग खरखर झाली.

‘साहेब जखमी. अँटेना तुटला होता, दुसरा बाहेर लावला. करेक्शन घ्या. राइट फिफ्टी. ड्रॉप हंड्रेड. ओव्हर.’

म्हणजे आधीच्या गोळ्याहून पन्नास मीटर उजवीकडे, शंभर अलीकडे. आम्ही फायर दिला. त्यानं आणखी करेक्शन दिली. चाल मोडली. त्यानंतर तो बोलला नाही. त्याची बॉडी अँटेनाजवळ मिळाली.

माहितीपटात निवेदक म्हणाला, ऐन वेळी ओपीचा सेट बंद पडला आणि तोफखाना आंधळा झाला. पडद्यावर ऑपरेटर झालेला नट हँडसेट फेकून उतारावरून पळाला. लगेच राणेसाहेब दिसले, आता निवृत्त कर्नल, खुर्चीत बसलेले. ते म्हणाले, ‘सेट बंद होता.’ पुढं दुसरंच दृश्य.

मला राणेसाहेबांचा संशय आला. आपण ओपीच्या खड्ड्यात जखमी पडून होतो आणि लढाई ऑपरेटरनं चालवली, हे सांगायला जड गेलं असेल, असं मी धरून चाललो. लढाईनंतर ते हॉस्पिटलमधून परस्पर दुसरीकडे गेले होते. आमचं बोलणं कधी झालंच नव्हतं.

त्याच आठवड्यात निर्मलावहिनींचा, देवीदासच्या बायकोचा फोन आला. चिखल्याच्या वाचनालयाला देवीदासचं नाव द्यायचं ठरलं होतं. कार्यक्रम पाहून समितीनं ते थांबवलं. वहिनींना कोणी तोंडावर काही बोललं नव्हतं, पण नळावर त्या गेल्या की बाया गप्प होत होत्या.

मी चिखल्याला गेलो. समितीला रेडिओवर जे ऐकलं ते सांगितलं. समितीचे अध्यक्ष खाणीतून निवृत्त झालेले फोरमन होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘हवालदारसाहेब, तुमी त्याचे दोस्त. तुमी त खाली होते. पाहिलं काय तुमी?’

‘नाही. ऐकलं.’

‘वर होते ते साहेब त टीव्हीवर दुसरंच बोलून राहिले.’

त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. बाहेर येऊन जुन्या साथीदाराकडून राणेसाहेबांचा नंबर मिळवला आणि फोन लावला. नमस्काराखेरीज गोड काही बोललो नाही. सर, असं का सांगितलंत, म्हणून विचारलं.

ते म्हणाले, मी कॅमेऱ्यापुढं अर्धा दिवस बोललो आणि त्यातलं बहुतेक मेश्रामवरच होतं. सेट बंद होता आणि मेश्रामनं तो चालू केला, असं पूर्ण वाक्य होतं. पुढचं चॅनेलवाल्यांनी कापलं. चॅनेलकडे तक्रार केली आहे, उत्तर नाही.

माझा लगेच विश्वास बसला नाही. म्हणालो, ‘सर, हे इथं येऊन सांगा.’

‘येतो.’

ते आले. नागपूरहून गाडीनं, काठी टेकत. विहारासमोर समिती आणि गाव बसलं होतं. साहेबांनी खुर्ची घेतली नाही. म्हणाले, माझा पाय गेला होता. मेश्राम मला ओलांडून अँटेना घेऊन बाहेर निघाला. मी त्याला आत यायची ऑर्डर दिली. एवढी एकच ऑर्डर त्यानं मानली नाही.

अध्यक्ष उठले आणि वहिनींपुढं हात जोडून उभे राहिले.

साप्ताहिकात मी त्या भागावर लिहिलं. काय दाखवलं आणि काय कापलं, एवढंच. चॅनेलनं तो भाग अजून बदललेला नाही. राणेसाहेबांवर आधीच संशय घेतला होता, तेही त्यांना कळवलं. ते म्हणाले, घ्यायलाच हवा होता.

वाचनालयाला देवीदासच्या नावाची पाटी लागली त्या दिवशी मी पुन्हा चिखल्याला गेलो. भाषणं झाली. निर्भय, निडर, मृत्यूपुढं न डगमगणारा, असं सगळं बोलून झालं. लोक पांगले तेव्हा वहिनींनी मला बाजूला बोलावलं.

‘भाऊजी, शेवटचा आवाज तुमीच आयकला. भेले होते काय ते?’

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

‘हो वहिनी. आवाज कापत होता. पन आकडा एक बी चुकला नाही.’

त्यांनी पाटीकडे पाहिलं.

‘मंग तेच होते,’ त्या म्हणाल्या. ‘विहिरीत उतराले बी भेत. पन कोनाची बादली पडली का तेच उतरत.’