सातवी खुंटी

दोहाच्या जुन्या बाजारामागे मोत्यांच्या एका व्यापाऱ्याने बांधलेलं घर आहे. त्याची पुढची पिढी बंगल्यात राहायला गेली तेव्हा आमच्या कंपनीने ते भाड्याने घेतलं आणि त्यात सात बॅचलर भरले. बायको गावाकडे असलेल्या माणसालाही इथे बॅचलरच म्हणतात. आमच्यानंतर तिथे सिमेंटच्या गोण्या राहिल्या. त्या पोळ्या भाजत नसल्यामुळे मालक त्यांच्यावर खूश होता म्हणे. आता घराची डागडुजी होऊन त्याचं संग्रहालय झालंय. मंद पिवळे दिवे आहेत आणि आत शिरताच लोकांचा आवाज आपोआप खाली येतो. आमच्या वेळी तिथे एकाच वेळी दोन कुकर शिट्ट्या द्यायचे.

मुलीला शाळेतून एक कागद मिळाला होता: जुन्या घरातली एक वस्तू निवडा आणि तिचा उपयोग लिहा. बाबा इथे राहायचा, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि तिचा त्यावर विश्वास नव्हता. बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटचा गीझर बिघडला तरी मी तक्रार करतो, हे तिचं कारण. कागदावर माझं म्हणणं यावं एवढीच माझी इच्छा होती.

आम्ही मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांना बसवायच्या खोलीत आलो. आम्ही सातजण तिथे झोपायचो. भिंतीवर सात लाकडी खुंट्या अजून होत्या आणि खाली बोर्डावर लिहिलं होतं: खुंट्यांची उंची पाहुण्याच्या मानाप्रमाणे ठरत असे. सर्वांत वरची टोळीप्रमुखाची असावी, सर्वांत खालची सेवकाची. खालच्या खुंटीच्या गोलाईत जहाज बांधणाऱ्या सुताराचा हात दिसतो.

‘असावी’ या एका शब्दावर माणसं केवढी विद्वत्ता टांगतात!

‘‘टोळीप्रमुख लातूरचा होता,’’ मी म्हणालो. ‘‘वेल्डिंग तपासायचा. या दाराला रोज डोकं आपटायचा. ज्याने त्याने आपल्या उंचीला खुंटी ठोकली, टॉवेलसाठी.’’

‘‘आणि सेवक?’’ बायकोने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. त्यात फार वेळ जात नाही.

‘‘मी शेवटी आलो. खोक्यांच्या फळ्या संपल्या होत्या. मग लाटणं कापलं.’’

‘‘बाबा, दॅट्स नॉट ऑन द बोर्ड,’’ मुलगी म्हणाली आणि ‘सुतार’ लिहायला पेन काढलं.

बायको मात्र दोरीवरून वाकली होती. ‘‘अगं, हे लाटणंच आहे. मूठ बघ ना.’’

‘‘आई, यू ऑल्वेज टेक हिज साइड.’’

हा आरोप आमच्या घरात पहिल्यांदाच झाला. बायकोलाही तो मान्य नव्हता.

शेवटी मुलीनेच परीक्षा ठरवली. आमच्यात पोळ्या करणारा गडी नाशिकचा होता आणि आता तिथेच परत गेलाय. तिने त्याला व्हिडिओ कॉल लावला. मला बजावलं, ‘‘नो हिंट्स.’’ फोन खुंटीसमोर धरून तिने मोडक्या मराठीत विचारलं, ‘‘काका, हे काय आहे?’’

तो बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिला. याला आठवलं नाही, तर त्या घरातली माझी तीन वर्षं खलास.

‘‘माझं लाटणं!’’ फोन ओरडला. ‘‘बुटक्या कुठाय? आठवडाभर बाटलीने पोळ्या लाटल्या मी! दुसरा अर्धा काय केलास रे?’’

संग्रहालयातली सगळी माणसं वळून बघायला लागली. बऱ्याच वर्षांनी त्या खोलीत नेहमीच्या आवाजात कुणी बोललं होतं. माहिती सांगणारी कतारी विद्यार्थिनी लगबगीने आली. मुलीने तिला इंग्रजीत सगळं समजावलं. माझ्यापेक्षा चांगलं समजावलं, लातूरच्या डोक्यासकट. त्या विद्यार्थिनीने खुंटीकडे पाहिलं, मग माझ्या उंचीकडे, आणि हसू दाबत म्हणाली, ‘‘बोर्ड मी लिहिलेला नाही.’’

मुलीने कागदावर ‘सुतार’ खोडून लिहिलं: माझ्या बाबांचा टॉवेल.

आठवड्याने कागद परत आला. दहापैकी चार. खाली बाईंचा शेरा होता, बोर्ड नीट वाचावा. मुलगी पाय आपटत घरभर फिरली. पण या वेळी ती माझ्यावर चिडलेली नव्हती. तो कागद मी फ्रिजवर लावला आहे, तिच्या उंचीला.