बिस्किटाच्या डब्यातली सही

माझी सही त्या आठवड्यात चिंचवडला एका बिस्किटाच्या डब्यात पडून होती, आणि तो डबा कुलपात होता. आमचे अकाउंटंट भाचीच्या लग्नाला गावी गेलेले. ऑफिस बंद, फोन बंद. आणि इकडे निघोज्यात आमच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून पार्ट बनवायच्या शेडमध्ये, मी कंप्युटरसमोर कपाळाला हात लावून बसलेली. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही ब्रॅकेट पुरवतो, तिने नवीन पार्टचं ड्रॉइंग पाठवलं होतं. ते मान्य आहे म्हणून डायरेक्टरने डिजिटल सही करायची, तरच काम मिळणार. डायरेक्टर मी आणि आमचे हे. ह्यांचीही सही त्याच डब्यात.

ती सही म्हणजे पेनड्राइव्हसारखं दिसणारं एक टोकन. कुरिअरने माझ्या नावावर आलं तेव्हा चहा होईपर्यंत माझ्या हातात होतं. तेवढ्यात हे म्हणाले, अकाउंटंटकडे देऊन टाक, तू हरवशील. मी! लग्नात आलेली एक वाटीसुद्धा अजून हरवलेली नाही माझ्याकडून. पण दिलं. आमच्या पट्ट्यात सगळेच देतात. अकाउंटंटच्या त्या डब्यात चाकणपासून भोसरीपर्यंतच्या शॉपवाल्यांच्या सह्या आहेत, प्रत्येक टोकनला रबरबँड लावून नावाची चिठ्ठी अडकवलेली. पिन सगळ्यांचा एकच, म्हणजे त्यांचा गोंधळ नको.

तुम्ही म्हणाल, नावापुरती डायरेक्टर असेल ही बाई. सुरुवातीला तसंच होतं. लातूरकडून आलो, ह्यांनी कंपनीतली नोकरी सोडून शॉप टाकलं, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून माझं नाव वर लावलं. पण मी नावापुरती राहिले नाही. शेवटची तपासणी माझी. प्रत्येक ब्रॅकेट मापाच्या गेजवर लावून बघायचा आणि बरोबर असेल तर माझ्या पंचने, म्हणजे पोलादी ठशाने, त्यावर खूण ठोकायची. गेल्या वर्षी दिराला सगळं शॉप त्याच्या मित्राच्या शेडमध्ये हलवायचं होतं, अर्धी अर्धी जागा करून. मी नाही म्हटलं, आणि डायरेक्टर नाही म्हणते म्हटल्यावर तो विषय थांबला. माझ्या ‘नाही’ला वजन होतं, ते एवढ्यामुळेच.

माझी लेक हिंजवडीला आयटीत आहे. माण गावाच्या पुढे ट्रॅफिकमध्ये तिची कॅब अडकली की तिला आईची आठवण येते. त्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी डब्यावरचा सगळा राग तिच्यावर काढला. ती म्हणाली, आई, तुझी प्रायव्हेट की तू दुसऱ्याच्या डब्यात ठेवलीस? मी म्हटलं, की-बी काही नाही, पेनड्राइव्ह आहे तो. मग तिने शिकवायला घेतलं, आणि खरं सांगते, त्या पोरीच्या अंगात शिकवण्याचा एक गुण नाही.

दोन किल्ल्या असतात, म्हणाली. एकीने लावलेलं कुलूप दुसरीनेच उघडतं, जिने लावलं तिनेसुद्धा उघडत नाही. एक किल्ली जगभर वाटायची, ती पब्लिक. दुसरी कुणालाही द्यायची नाही, ती प्रायव्हेट. मी विचारलं, वाटलेल्या किल्लीवरून कुणी दुसरी बनवली तर? ती म्हणाली, दोन भले मोठे आकडे गुणणं सोपं, पण नुसत्या उत्तरावरून ते दोन आकडे शोधायला बसलीस तर जन्म पुरणार नाही, तसं काहीतरी. तसं काहीतरी! लाखांनी पगार घेतात आणि तसं काहीतरी.

बरं, निरोपाचं मला पटलं. कुणालाही मला गुपचूप काही पाठवायचं असेल तर त्याने माझ्या वाटलेल्या किल्लीने ते बंद करावं, उघडणार मी एकटी. पण सहीचं सांगायला लागली तेव्हा माझं डोकंच फिरलं. सही करताना म्हणे उलटं. मी माझ्या प्रायव्हेट किल्लीने बंद करायचं, आणि उघडायची किल्ली सगळ्या जगाकडे. मी म्हटलं, मग ते कुलूप कसलं? सगळ्यांना उघडतंय तर लावायचं कशाला? ती परत तेच सांगे, मी परत तेच विचारी. शेवटी ती वैतागून म्हणाली, आई, गाडी हलली, ठेवते. गाडी कुठली हलतेय माणला त्या वेळी.

रात्रभर चिडचिड झाली, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर एका ब्रॅकेटवर खूण ठोकताना हात थांबला. माझी खूण कुणालाही वाचता येते. वाचता यावी म्हणूनच मारायची. कंपनीच्या माणसाने ती बघितली की त्याला कळतं, हा पार्ट ह्या बाईच्या हाताखालून गेलाय, कारण हा पंच दुसऱ्या कुणाकडे नाही. खूण सगळ्यांची, पंच माझा. अगं बाई, एवढंच होतं ते! जगाला उघडतंय म्हणूनच कळतं की लावलं कुणी. मग तळपायाची आग मस्तकात गेली. जो पंच मी जेवायला जातानाही ऍप्रनच्या खिशातून काढत नाही, त्याच्याहून मोठी वस्तू मी रबरबँड लावून दुसऱ्याच्या डब्यात टाकलेली.

अकाउंटंट परत आले त्याच दिवशी मी चिंचवडला गेले. हे म्हणत होते, कशाला धावपळ, मी करतो ना सही. अकाउंटंटही टोकन देईनात. ‘आता तुम्हाला कशाला लागतंय ताई?’ असं दोनदा म्हणाले. मला वाटलं, माणसाला सवय झालीय सगळ्यांच्या सह्या सांभाळायची. भांडून टोकन घेतलं.

शॉपवर येऊन टोकन लावलं, पिन टाकला, आणि कंपनीच्या ज्या पोर्टलवर ड्रॉइंगला सही करायची, त्याने मला सांगितलं की या फर्मतर्फे सही करायचा अधिकार तुम्हाला नाही. परत केलं, परत तेच. मी अकाउंटंटना फोन लावला आणि आवाज चढवला. ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही दिवाळीनंतर राजीनामा दिलात ना? साहेबांनी सांगितलं नाही का तुम्हाला?’

माझ्या जागी दीर आला होता. राजीनामा अकाउंटंटनी मोबाइलवर पाठवला, मी कंप्युटरवर उघडला. खाली माझं नाव, शेजारी हिरवी टिक, सही बरोबर आहे. मी त्यांना म्हटलं, ही मी केली नाही. ते म्हणाले, ताई, असं कुठे म्हणता येतं का, ही सही तुमच्याशिवाय कुणाला करताच येत नाही, म्हणून तर तिला किंमत. हे मला सांगणारा माणूस कोण, तर स्वतः माझा पिन टाकून ती करणारा.

लेकीला फोन केला. या वेळी ती चिडली नाही. म्हणाली, आई, कुणी केली ते गणिताला कळत नाही, कुणाच्या किल्लीने केली तेवढंच कळतं.

ह्यांना विचारलं तर म्हणे, भावाला जरा हुरूप यावा म्हणून केलं, कागदावरच तर आहे, घरातल्या घरात. मी म्हटलं, नुसतं कागदावरच होतं तर माझं राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? तेव्हा कुठे ह्यांच्या तोंडून निघालं, शॉप दिराच्या मित्राच्या शेडमध्ये हलवायची बोलणी सुरू झालीत. रडू आलं, त्या रडण्याचाही राग आला.

सकाळी लॉट तयार होता. टेम्पो गेटवर. सगळे ब्रॅकेट टेबलावर, एकावरही खूण नाही, आणि मी स्टुलावर हाताची घडी घालून बसलेली. माझ्या खुणेशिवाय कंपनी लॉट उतरवून घेत नाही, हे ह्यांना चांगलं माहीत. थोडा वेळ इकडून तिकडे फेऱ्या मारल्या, मग आले आणि हात पुढे केला.

‘दे तो पंच. मी मारतो खुणा.’

‘हा कुणाला द्यायचा नसतो,’ मी म्हटलं. ‘आधी माझं नाव परत लावा.’

त्यांनी टेम्पोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन काढून चिंचवडला लावला. स्पीकरवर. अकाउंटंट म्हणाले, होईल की साहेब, त्यात काय अवघड. नव्या अर्जावर ताईंची सही लागेल, तेवढं त्यांचं टोकन माझ्याकडे पाठवून द्या.

मी टोकन उचललं, ऍप्रनच्या खिशात पंचच्या शेजारी टाकलं आणि ह्यांना म्हटलं, त्यांना म्हणावं, लॅपटॉप घेऊन इकडे या.