निघण्याआधीची पेशी

“हिच्या पेशी हिच्यासारख्याच, ढिम्म! फेकून दे ती डिश आणि मायक्रोस्कोप मोकळा कर,” आमच्या प्रयोगशाळेतली सीनियर अनघाताई हर्षदला म्हणाली. मी शेजारीच बसले होते.

तासाभरापूर्वी मी डिशमधल्या पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने एक ओरखडा काढला होता. जखम भरताना पेशी कशा सरकतात, ते पाहायचं होतं. मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी खरंच जागच्या जागी होत्या. पण त्यांच्या आत हिरवं चमकणारं, निरोप पोहोचवणारं प्रथिन आता सगळीकडे पसरलेलं नव्हतं. ते ओरखड्याच्या बाजूला गोळा झालं होतं. ते जिथे जमतं, तिथूनच पेशी पुढे पाऊल टाकते.

मला हसू आलं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मीही मराठी वाक्य आधी मनात जुळवते, आणि तोवर लोकांना वाटतं, हिला काही म्हणायचंच नाही. बाहेरून शांत दिसणाऱ्या किती जणांचं आत असं ठरत असेल! कुणी हाक मारत नाही, ढकलत नाही. आतलंच काहीतरी हळूच एका बाजूला झुकतं.

हर्षदने डिश उचलायला हात पुढे केला.

“हात लावू नकोस,” मी म्हणाले. “कुठे जायचं ते त्यांचं ठरलंय. ताई, तू ये आणि बघ.”