टाळ्या वाजत राहिल्या

माझा थोरला भाऊ ओरेस्ट पगारी आइस हॉकी खेळायचा, पण गोल करणं त्याचं काम नव्हतं. आपल्या संघातल्या पोराला कुणी आडवं केलं, की हातमोजे फेकायचे आणि पाडणाऱ्याला ठोकायचं, एवढंच काम. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातल्या आमच्या गावात त्याचा केवढा रुबाब! शेजारचे वासिलकाका म्हणायचे, "गोल काय, कुणीही करतो. आपण तिकीट काढतो ते ओरेस्टसाठी."

क्वेबेकच्या संघातला रोझेर तेच काम करायचा. एका सामन्यात दोघं भिडले. ओरेस्टचा ठोसा बसला, रोझेरचं हेल्मेट उडालं, डोकं बर्फावर आपटलं. तो हलेना. आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांत आमचे वडीलही होते.

रोझेर जगला, पण धड बोलणं-चालणं गेलं. ओरेस्टनं खेळ सोडला, धान्याचा ट्रक धरला. टाळ्यांनी मात्र त्याची पाठ सोडली नाही. पत्र्यावर गारा पडल्या तरी तो कान झाकायचा. माझ्या लेकीच्या लग्नात टाळ्या झाल्या, तेव्हा हा बाहेर बर्फात, कोटाशिवाय उभा.

शेवटी मीच म्हटलं, "दादा, एकदा त्याला भेटून ये. मी येते सोबत."

दार रोझेरच्या बायकोनं, ल्युसीनं उघडलं. "आत्ता वाट सापडली होय?"

"माफी मागायला आलोय."

"मला नको. त्याच्याकडे माग, कळली तर."

रोझेर खिडकीपाशी बसला होता. ओरेस्टची मारामारीत मोडलेली बोटं पाहून त्याला ओळख पटली, चेहरा उजळला. कसाबसा उठला, एका हातानं ओरेस्टची कॉलर पकडली, दुसऱ्याची मूठ वळली. ओरेस्टनं हात खालीच ठेवले.

"लोक... उभे राहिले का?" रोझेरनं विचारलं.

"नाही रे. सगळे घरी गेले."

रोझेर हिरमुसला. मूठ सैल पडली. ओरेस्टनं त्याला धरून खुर्चीत बसवलं. ल्युसी तोंड फिरवून सूप ढवळत राहिली. निघताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी जेवायला थांब."

त्या हिवाळ्यापासून ओरेस्ट गावातल्या पोरांना खेळ शिकवतो. कुणी हातमोजे फेकले, की थेट घरी.

वासिलकाका भडकले. "मारामारी बंद केलीस, तर बघायला येणार कोण?"

"नका येऊ, काका."

गर्दी खरंच ओसरली. टाळ्या अजून ऐकू येतात, असं तो म्हणतो. कुठून, ते मी विचारत नाही.