शिफ्टच्या आधीचं इंजेक्शन

वही फार स्वच्छ होती. एकाच निळ्या पेनाने लिहिलेले आकडे. उपाशीपोटी एकशे दहा, जेवणानंतर एकशे चाळीस. दुसऱ्या दिवशी एकशे बारा, एकशे अडतीस. दीड महिन्याच्या पानांत कुठे खाडाखोड नाही, तेलाचा डाग नाही. आणि मागच्या तीन महिन्यांतली साखर दाखवणारा लॅबचा कागद मात्र वेगळंच सांगत होता: साखर फार वाढलेली.

सावेडीतल्या मधुमेहाच्या एका दवाखान्यात मी समुपदेशक आहे. औषध डॉक्टर देतात. औषध देऊनही ज्यांचं जमत नाही, ज्यांना सुईची भीती वाटते, ज्यांना बोलता बोलता रडू येतं, ते माझ्या खोलीत येतात. त्या दिवशी समोर बसलेला माणूस चाळिशीचा होता. सुप्याला एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला, गाव तिथून जवळच. सहा महिन्यांपूर्वी त्याला इन्सुलिन सुरू झालं होतं. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

“हे आकडे तपासून लिहिलेत की असेच?” मी विचारलं.

“तपासूनच.”

मी लॅबचा कागद त्याच्यापुढे सरकवला. “मग हे काय आहे? खोटं नक्की कुणाशी बोलताय, माझ्याशी की स्वतःशी?”

बायको त्याच्याकडे वळली. “आवो, तुमी तर रोज माझ्यासमोर लिव्हता की.”

त्याने वही मिटली, सदऱ्याच्या खिशात बसत नव्हती तरी कोंबली, “येतो मॅडम” म्हणाला आणि उठून गेला. ती पिशवी सावरत त्याच्या मागे धावली. माझ्या खिडकीतून रिक्षा स्टँड दिसतो. तो पुढे, ती दहा पावलं मागे, असे ते दोघं रस्ता ओलांडताना दिसले.

पुढच्या तारखेला तो आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. पेशंट येत नाहीत, तसं ते नेहमीचंच. डॉक्टर म्हणाले, “आपण किती मागे लागणार?” पण माझं कशात लक्ष लागेना. दार वाजलं की मान वर व्हायची. दुसऱ्याचं ऐकता ऐकता मी मनात त्याच्याशीच बोलत असायचे. संध्याकाळी स्कूटर घराकडे न वळवता उगाच लांबून फिरवून आणायचे. भाजी घ्यायला थांबायचे आणि काय घ्यायचं तेच आठवायचं नाही.

खरं कारण मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांना मधुमेह होता. मी कॉलेजात असताना त्यांच्यावर पहारा ठेवायचे. ते शाळेत शिकवून घरी आले की त्यांचे खिसे तपासायचे. एकदा पाव्हण्यांसमोर त्यांच्या खिशातून पेढ्याचा कागद काढून मी टेबलावर ठेवला होता. वडील कसनुसं हसले होते. त्यानंतर ते माझ्यासमोर फारसं खाईनातच. जे काय खायचं ते बाहेर खाऊन यायचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्या दिवशी लॅबचा कागद सरकवताना माझा हात तसाच पुढे गेला होता, हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर स्वस्थ बसवेना.

महिन्याभराने त्याची बायको एकटीच आली. तपासायला नाही, गोळ्यांचं नाव विचारायच्या निमित्ताने.

“कसे आहेत?” मी विचारलं.

“इंजेक्शन बंद केलंय मॅडम. तुमी त्या दिवशी बोलल्यापासून माझ्याशी बी बोलत न्हाईत. लई चिडचिड. ताटावर बसले तरी माझ्याकडं बघत न्हाईत. तुमीच बोला एकदा.”

तिने तिथेच फोन लावून दिला. माझा आवाज ऐकला आणि त्याने कट केला. ती ओशाळली. मी म्हटलं, “राहू द्या. चूक माझी आहे.”

ती गेल्यावर मी त्याला आवाजी मेसेज पाठवला. चार वेळा रेकॉर्ड केला, तीन वेळा पुसला. शेवटी एवढंच राहिलं: “मी तुम्हाला तुमच्या बायकोसमोर खोटं पाडलं. ते करायला नको होतं. आकडे चुकीचे का लिहावे लागले, हे मी विचारलंच नाही. सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही सांगितलंत तरी माझा राग नाही.”

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. चार दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. पोळ्या लाटतानाही तो ओट्यावर, डब्याला टेकवून उभा.

रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते तेव्हा त्याचा फोन आला. मागे ट्रकचे आवाज होते. तो हायवेला उभा राहून बोलत होता.

“मॅडम, घरात बोलता येत न्हाई म्हनून इथं आलोय.”

“बोला.”

“थांबा, ट्रक जाऊ द्या.” ट्रक लांब गेला तसा तो सांगू लागला. “मी साडेपाचला इंजेक्शन घेऊन निघायचो. कंपनीची बस सहाला. खायला कॅन्टीनमध्ये नवाला मिळतं. एकदा आठच्या सुमाराला शुगर खाली जाऊन हात थरथरायला लागले. घाम फुटला. डोळ्यांपुढं मशीन दोन-दोन दिसाय लागलं. मॅडम, माझा हात आत हुता. वरून प्रेस यायला येवढासाच वेळ ऱ्हायला हुता. कसा काढला मला म्हाईत न्हाई.”

माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला.

“मग?”

“मग मी इंजेक्शनच कमी केलं. कधी निम्मं, कधी न्हाईच. शुगर वाढली तर वाढू दे, हात तरी ऱ्हाईल. आन् बायकोला काय सांगू? ती घाबरंल. कंपनीत सांगितलं तर मशीनवरून काढतील. म्हनून आकडे लिव्हले.”

मी इतके दिवस त्याला आळशी समजत होते. तो हात वाचवत होता.

“हे मी डॉक्टरांना सांगू का?” मी विचारलं.

“सांगा. पन ओरडू नका म्हनावं.”

डॉक्टर ओरडले नाहीत. ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मी त्याला डोस विचारला. जेवणाची वेळ विचारलीच नाही.” त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, तो बायकोला घेऊन आला; मशीनचं तिला त्याने आदल्या रात्री सांगितलं होतं. इन्सुलिनचा प्रकार बदलला, वेळ बदलली. बसमध्ये चढण्याआधी भाकरी खायची, खिशात साखरेची पुडी ठेवायची, आणि कामावर निदान एका माणसाला सांगून ठेवायचं, असं ठरलं. शेवटच्या गोष्टीला तो तयार होईना. खुर्चीत अर्धा उठायचा, पुन्हा बसायचा. मी घाई केली नाही. मला घाई न करायला फार कष्ट पडले.

तीन आठवड्यांनी तो खोलीत शिरता शिरताच म्हणाला, “शेजारच्या मशीनवाल्याला सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“म्हनला, आरं मग आधी सांगायचं की. मला वाटायचं तू सकाळी सकाळी पिऊन येतो.”

आम्ही दोघंही हसलो. बायकोही हसली, पण तिचं हसू लवकर संपलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा त्याची साखर बस स्टॉपवर खाली गेली. त्याने पुडी उघडली, ती दमट होऊन तिचा खडा झाला होता, तो त्याने चघळला. एकदा लग्नात मनसोक्त जेवला आणि दुसऱ्या दिवशी दोनशे ऐंशी लिहून मला फोटो पाठवला. मशीनवरून त्याला कुणी काढलं नाही. पण आकडे सांगायचा दर आठवड्याचा फोन करायला तो दोन दिवस उशीर करतो तेव्हा अजूनही माझं सारखं फोनकडे लक्ष जातं.

पुढच्या भेटीत तो औषधाची चिठ्ठी घ्यायला डॉक्टरांकडे गेला आणि त्याची बायको माझ्यासमोर बसून राहिली. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती.

“त्यांचं तुमी सगळं विचारलं मॅडम,” ती म्हणाली. “मला कोन विचारनार?”

इतक्या वेळा ती या खुर्चीत बसून गेली होती, आणि मी तिला फक्त ‘ते कसे आहेत’ एवढंच विचारत आले होते.

“तुम्ही कशा आहात?” मी म्हटलं.

“झोपच न्हाई,” ती म्हणाली. “ते बसमध्ये चढल्यापासून फोन वाजला की हातातलं टाकून धावते. कंपनीतून तर न्हाई ना आला? त्यांचा हात डोळ्यांसमोर येतो. स्वैपाक करताना मी माझेच हात बघत बसते.”

बाहेर तीन पेशंट थांबले होते. मी उठून दार लावून घेतलं. ती अर्धा तास बोलली. आता महिन्यातून एकदा ती एकटी येते. केसपेपर तिच्या स्वतःच्या नावाचा आहे.