न दिसणाऱ्या उजेडातून हिरवा

सांगलीच्या कॉलेजात मी संशोधन करत होते. एर्बियम हे दुर्मिळ मूलद्रव्य मिसळलेले आमचे स्फटिक भट्टीत सारखे तडकायचे. अखेर एक धड निघाला, आणि फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील त्याच दिवशी लोणंदहून आले. मी त्या स्फटिकावर डोळ्यांना न दिसणारा लेसर सोडला. स्फटिक हिरवागार उजळला.

"आत जाताना काय दिसत न्हाई, मग ह्यो हिरवा कुठनं आला?"

"अणू प्रकाश घेऊन वर चढतो. खाली यायच्या आत पुन्हा घेतो, आणखी वर जातो. तिथून उतरताना हिरवा देतो."

"आन् दुसऱ्यांदा घावलाच न्हाई तर?"

"तर हिरवा नाही."

पुढच्या रविवारी ते आईला घेऊन आले. तिला सगळं त्यांनीच समजावलं. मी फक्त बटण दाबलं.